पालथे पंधरा दिवस

हे लिहायला मी यापूर्वी दोनदा बसलो होतो. पहिल्यांदा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी. त्यात चेन्नईचा उन्हाळा आला, पाण्याची टंचाई आली, कुमुदच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, डॉक्टरांचे आभारही आले. लोकांनी छान म्हटलं, एकदोघांनी फोन केले. दुसऱ्यांदा मुलासाठी लिहिलं, म्हणजे त्याने कधी तरी वाचावं म्हणून, आणि तेही ऑपरेशनपाशी येऊन थांबलं. जे सांगायचं होतं ते दोन्ही वेळा मी सफाईने टाळलं. टाळण्याचा मला सराव आहे. आता अडुसष्टावं चालू आहे, आणि जिला हे सांगायला हवं होतं ती, माझी बायको, घरात नाही. तेव्हा या वेळी वळसा न घालता लिहितो.

यंदाची कत्तिरी लागली. मेच्या पहिल्या आठवड्यात इथल्या पंचांगात अग्निनक्षत्र सुरू होतं, पंचवीसेक दिवस राहतं. बोलताना सगळे त्याला कत्तिरीच म्हणतात. त्या दिवसांत चेन्नईला सकाळ नसतेच. सहाला दार उघडलं की दुपार उंबऱ्यावर येऊन बसलेली असते. समुद्राचा वारा आमच्या अंबत्तूरपर्यंत पोचायला तीन वाजतात, आणि पोचतो तेव्हा त्यात समुद्राचं काही उरलेलं नसतं. खिडकीचे गज तापतात, नळाची तोटी तापते, उशी उलटी केली तरी खालची बाजूही तापलेलीच लागते. परवा कोपऱ्यावरून पाण्याची लॉरी गेली. तिच्यामागे रस्त्यावर ओली रेघ पडली आणि मी बघता बघता वाळून गेली. मला एकदम वाळा घातलेल्या पाण्याचा वास आला, डोळ्यात घालायच्या थेंबांचा वास आला, आणि खाकी पुठ्ठ्याच्या एका पुस्तकाचा, जुन्या खळीचा कुबट वास आला.

दोन हजार चारचा उन्हाळा. गल्लीतल्या सगळ्या बोअरना नुसती हवा येत होती. तळ्याच्या मधोमध गुरं चरत होती. पाण्याची लॉरी दिवसाआड यायची, पण कधी ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. सकाळी सातला येई, कधी भर बाराला, कधी यायचीच नाही. म्हणून घरात कायम कुणी तरी हवं. रस्त्याच्या कडेला रांग असायची ती माणसांची नव्हे, प्लॅस्टिकच्या घागरींची. माणसं घरात, घागरी उन्हात. कुणाची कोणती ते सगळ्या गल्लीला पाठ. आमच्या सहा होत्या, चार निळ्या आणि दोन केशरी, आणि त्यातल्या एका केशरीचा गळा चिरलेला होता. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की कुणी तरी ओरडायचं, "तण्णी वंदाच्चु!" पाणी आलं. की धावायचं.

मी आदल्या वर्षीच संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं कारखान्याच्या बसने गेलो आणि आलो. घरात दिवसभर काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. कुमुद बँकेत होती. तिने तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला एका कंपनीत लागला होता आणि तिकडेच मित्रांबरोबर राहत होता. म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं दिवसभर एका घरात, आणि बाहेर पडायची सोय नाही.

एप्रिलच्या शेवटी कुमुदच्या उजव्या डोळ्यापुढे खालून काळं चढत आल्यासारखं झालं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करून त्यांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा वर चढतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी रोग्याने चेहरा जमिनीकडे करून पडून राहायचं. डॉक्टर तरुण होते, हसरे. म्हणाले, "मामी, फिफ्टीन डेज फेस डाउन. टीव्ही नो, बुक नो. नो चीटिंग." मग माझ्याकडे वळून, "सार, यू रीड टु हर."

रिक्षात मान खाली घालून बसलेली कुमुद म्हणाली, "म्हणजे पंधरा दिवस मी फरशीचं तोंड बघायचं आणि तुम्ही बोलायचं. उलटंच झालं की सगळं."

खाटेच्या कडेला टॉवेलची जाड गुंडाळी ठेवून त्यावर ती कपाळ टेकायची, चेहरा कडेच्या बाहेर, जमिनीकडे. जेवायला आणि न्हाणीघरात जायला उठायची, तेही मान खालीच. तिची पाठ, अंबाडा सुटून बाजूला पडलेली वेणी, आणि घामाने काळी झालेली ब्लाउजची शिवण, एवढंच मला दिसायचं. तिला बऱ्या डोळ्याने माझी पावलं दिसायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "नखं कापा." तिचा चेहरा मात्र पंधरा दिवस मला दिसला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

"काय वाचू?" मी विचारलं.

"कपाटात मंडळाच्या ग्रंथालयाचं पुस्तक आहे. खाकी पुठ्ठ्याचं."

"काय आहे?"

"रहस्यकथा. बारीकशी आहे. तुम्हाला झेपेल."

पुस्तकाचं मूळ वेष्टन केव्हाच गेलेलं, बाइंडरने घातलेल्या पुठ्ठ्यावर कुणी तरी शाईने लिहिलेलं नाव घामट हातांनी पुसून गेलेलं. सव्वाशे पानं. आतल्या पानावर लेखिकेचं नाव होतं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात मी कुमुदला वर्तमानपत्राच्या मथळ्यांपलीकडे काही वाचून दाखवलं नव्हतं. पहिली दोन पानं वाचताना माझा आवाज मलाच कारखान्यातल्या सूचनेसारखा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या मजल्यावरच्या सक्कूबाई येऊन बसायला लागल्या. पंचाहत्तरीच्या होत्या, तंजावरकडच्या घराण्यातल्या. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढूनही घरात मराठीच बोलायच्या, पण त्यांचं लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये झालेलं, नागरी अक्षर त्यांना लागायचं नाही. हातात ताडपानाचा पंखा घेऊन त्या दारातच फतकल मारायच्या.

"काय वाचूं लागलांत राव? पुराण कीं?"

"नाही हो, सूडाची गोष्ट आहे. नवरा-बायकोची."

"अय्यो! दिवसाढवळ्या?" त्यांनी पंखा थांबवला. "वाचा, वाचा."

आणि मी श्वास घ्यायला जरी थांबलो तरी विचारायच्या, "अप्परम?" म्हणजे, मग पुढे?

गोष्ट अशी होती. इंदू आणि श्रीधर नावाचं जोडपं. लग्नाला वीस वर्षं झालेली, घर शांत. एके दिवशी इंदू अचानक नवऱ्याची सगळी कामं आपल्याकडे घेते. त्याचे कपडे ती काढून ठेवते, चष्मा ती सांभाळते, किल्ल्या, पत्रं, औषधं, सगळं तिच्या ताब्यात. श्रीधर आधी सुखावतो. हळूहळू त्याला शर्ट कुठे असतो ते आठवेनासं होतं. कोणती गोळी कधी घ्यायची ते कळेनासं होतं. दुपारभर तो बायकोच्या चपलांच्या आवाजाची वाट बघत बसतो. कुठेही आरडाओरडा नाही, हातात सुरी नाही, तरी वाचताना मला मानेवर कुणी तरी बसल्यासारखं वाटायचं. आमच्या खोलीत पंखा फिरायचा, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, आणि त्यात मी त्या श्रीधरच्या घरातली एकेक खोली बंद होताना मोठ्याने वाचत होतो.

"ही बाई कांहीं तरी करणार," सक्कूबाई म्हणायच्या. "फार गप्प आहे."

खाटेवरून कुमुदचा फरशीवर आपटून येणारा आवाज यायचा, "वाचू द्या त्यांना."

चौथ्या दुपारी कुमुदला डोळा लागला तेव्हा मी एकटाच पुढे वाचत गेलो. लॉरीची वाट बघायची होती, हातात दुसरं काही नव्हतं. आणि साठाव्या पानावर कारण सापडलं. फार वर्षांपूर्वी इंदूचा भाऊ तिला न्यायला दाराशी आला होता. श्रीधरने त्याला परस्पर सांगितलं, "तिला यायचं नाही. तिनेच सांगितलंय." भाऊ गेला, पुन्हा आला नाही. इंदूला हे वीस वर्षांनी कळलं होतं.

मी पुस्तक मिटलं. समोर कुमुदची पाठ संथ वरखाली होत होती.

आता माझं सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुमुदचे वडील, अण्णा, वाईला एकटे होते. अर्धांगाने एक बाजू गेलेली. कुमुद एकुलती एक. तिने बँकेत साताऱ्याकडे बदलीसाठी अर्ज केला. "दोन वर्षं जाते. अण्णांचं काय व्हायचं ते होऊ दे, मग परत येते," असं मला सांगून, विचारून केला. मुलगा तेव्हा नववीत. मी म्हणालो, "बघू." मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणणारा नवरा मला व्हायचं नव्हतं. पण सकाळचा डबा, मुलाचा अभ्यास, संध्याकाळचं रिकामं घर, हे डोळ्यांपुढे यायचं.

त्या भाद्रपदात मंडळाच्या गणपतीला आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारच्या पानावर सबनीस. कुमुदच्या बँकेच्या विभागीय कचेरीत बदल्यांचं काम त्यांच्याकडे होतं. त्या काळी आमच्या मंडळात बायकांच्या वतीने नवऱ्यांनीच बोलायची रीत होती. वहिनी नाटकात काम करतील का, वहिनी मोदकांचं बघतील का, सगळं नवऱ्याला विचारायचं आणि नवऱ्याने पान वाढून होईपर्यंत उत्तर देऊन टाकायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. सबनीस म्हणाले, "वहिनींचं जमतंय बरं का. साताऱ्याला जागा आहे."

मी म्हणालो, "तेच सांगणार होतो. राहू दे ते. मुलाची दहावी तोंडावर आली. तिचंही मत बदललंय, पण वडिलांना नाही म्हणणं तिला जड जातंय. तुमच्याकडूनच नकार आला तर बरं. तिच्याकडे विषयही काढू नका, उगाच रडत बसेल."

सबनीसांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "वहिनींची संमती आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. तेवढ्यात कुणी तरी मठ्ठा घेऊन आलं.

कुमुद त्याच हॉलमध्ये, दहा पावलांवर, बायकांच्या पंगतीत पापड वाढत होती.

नकार आला. तिने तो उभ्यानेच वाचला. म्हणाली, "माझं इंग्रजी कच्चं. मला मांडताच आलं नसेल." मग मुलाचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन ती आठवडाभर दुसरा अर्ज लिहीत बसली. लिहायची, खोडायची, मुलाकडून तपासून घ्यायची. तो अर्ज पोस्टात टाकायला तिने माझ्याकडे दिला आणि मी तो टाकला. सबनीसांना वाटलं असणार, वडिलांना दाखवण्यापुरता केलेला दिसतोय. त्यांनी तोही परत पाठवला. फाल्गुनात अण्णा गेले. इथून पुणं, पुण्याहून वाई. कुमुद पोचली तेव्हा सावडायची वेळ झाली होती. अण्णांचं करायला ठेवलेल्या बाईंनी तिला सांगितलं, शेवटचे काही महिने ते खाट दाराकडे तोंड करून ठेवायला लावायचे.

आता त्या पाचव्या दुपारी साठावं पान कुमुदला वाचून दाखवायची वेळ आली. मला ते जमलं नाही. भाऊ दाराशी आला ती ओळ मी वाचली, आणि पुढे माझ्या तोंडून निघालं, "पण इंदू घरी नव्हती. म्हणून तो परत गेला." इतकं सोपं होतं. पुस्तक माझ्या हातात, एक बाई पालथी, दुसरीला अक्षर येत नाही. मी पुढची दोन पानं गाळली.

पण एक धागा काढला की सगळं उसवत जातं. कारणच गेलं, तर सूड कशाचा? सक्कूबाईंना दुसऱ्याच दिवशी ते टोचलं.

"मग ती इंदू इतका राग कां धरते? त्याने केलें काय?"

"तिचा स्वभावच तसा आहे," मी म्हणालो. आता मी पुस्तकात नसलेलंच वाचत होतो.

"बायकांचा स्वभाव!" सक्कूबाईंनी पंखा मांडीवर आपटला. "कोण्या पुरुषाने लिहिलेलें दिसतें."

लेखिका बाई होती. मी पान उलटलं.

खाटेवरून कुमुद म्हणाली, "थांबा सक्कूबाई. कारण येईल पुढे. वाचा हो तुम्ही."

पुढचे सहा दिवस मी रोज एक प्रकरण रचत होतो. आयुष्यात मी मागणीपत्रं आणि मेमो यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. सकाळी घागरींच्या रांगेत उभा राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवायचो, दुपारी पुस्तक उघडं धरून ती म्हणायचो. मधून मधून पान उलटल्याचा आवाज करायला विसरायचो आणि मग एकदम दोन उलटायचो. घामाने पुठ्ठ्याची खळ सुटून बोटांना चिकटायची. कधी वाटायचं, उठावं आणि जावं कुठे तरी. पण लॉरी आली नव्हती, कुमुदला एकटं सोडता येत नव्हतं, आणि बाहेर तर असं ऊन की कोपऱ्यावरच्या ताडगोळेवाल्याने टोपलीवर ओलं पोतं टाकून दुकान सोडलेलं. एकदा वाचता वाचता कुमुद म्हणाली, "पायाचा अंगठा किती हलवताय. मुंग्या आल्यात का?" मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पुस्तकाचा खरा शेवट मी एकट्याने वाचला होता. इंदू औषधांच्या सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकते, त्या श्रीधरपुढे ओळीने मांडते, समोर बसते आणि म्हणते, "कोणती कशाची ते मी सांगते. आधी तू सांग." तो विचारतो, काय सांगू? ती म्हणते, "तुला माहीत आहे." मग घाबरलेला श्रीधर बोलायला लागतो. एकेक लहानसहान लबाडी कबूल करतो, खरं-खोटं, आठवेल ते सगळं. तेवढं एक सोडून. इंदू सगळं ऐकते, उठते, चपला घालते आणि निघून जाते. बाटल्या तशाच. संपलं.

माझ्या शेवटात असं काही नव्हतं. माझ्या शेवटात इंदू श्रीधरच्या खांद्यावर डोकं ठेवते आणि म्हणते, "झालं गेलं विसरून जाऊ." अकराव्या दिवशी मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं.

 सक्कूबाई गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हणाल्या, "गोड झालें. पण पोट नाहीं भरलें." आणि खाली गेल्या.

 मी चहाचं आधण ठेवायला उठणार तोच कुमुद म्हणाली, "मी वाचलंय ते."

"काय?"

"पुस्तक. फेब्रुवारीत वाचून झालं होतं माझं. परत करायचं राहिलं होतं."

मी खुर्चीतच राहिलो. तिचा आवाज खालून, फरशीकडून येत होता, शांत. "तुमचाही शेवट वाईट नाही. पण तुमचा श्रीधर काही बोलतच नाही. तो काही सांगतच नाही तर ती माफ काय करणार हो? कशाला माफ करणार?"

मग तिने विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

आजवर मी ते वाक्य मनात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यात राग होता की विनवणी, हे मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. माझा तिला दिसत नव्हता. याहून सोपं कधीच झालं नसतं. आणि मी बोलायला लागलो. म्हणालो, सिगारेट सोडली असं सांगितलं होतं तरी कारखान्यात सहा वर्षं ओढत होतो. ती म्हणाली, "हं. आणखी?" म्हणालो, तुझ्या आईची चांदीची अत्तरदाणी मुलाने नाही, मी पाडली होती. "हं. आणखी?" तुझ्या मावशी यायच्या तेव्हा मी मुद्दाम जादा पाळी घ्यायचो. "ते माहीत होतं. आणखी?" मी बोलत गेलो. बोलता बोलताच मला कळत होतं की मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण जसंच्या तसं वाचतोय, एकही शब्द न गाळता. तरी थांबता येईना. शेवटी सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.  मी म्हणालो, "कुमुद, तुझी ती बदली..."

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. खालून कुणी तरी ओरडलं, "सार! तण्णी वंदाच्चु! ओडि वांग!" पाणी आलं, धावत या.

मी उठलो आणि धावलो. पायात चपला नव्हत्या, डांबर पोळत होतं, आणि मी धावत होतो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कशाकडे धावलो नसेन. सहाही घागरी भरल्या, चिरलेल्या गळ्याचीसुद्धा. एकेक वर आणली, गरज नसताना फडक्याने पुसली. अर्ध्या तासाने खोलीत आलो तेव्हा कुमुद म्हणाली, "पाणी कसं आहे? गढूळ आहे का?"

"बरं आहे," मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी ती उठली. चेहरा सुजलेला, कपाळावर टॉवेलचा वळ. त्या डोळ्याने पुढे अर्धवटच दिसायचं. पुस्तक तिने स्वतः मंडळात नेऊन दिलं. मी मात्र धास्तावलो होतो. तिने माझा चष्मा उचलून ठेवला तरी मला इंदू आठवायची. पण कुमुदने नेमकं उलट केलं. त्या पावसाळ्यापासून ती मला एकेक गोष्ट शिकवायला लागली. भाताला पाणी किती, कुकरच्या शिट्ट्या किती, गॅसचा नंबर कुठे लावायचा, रक्तदाबाची गोळी कोणती. डाळींच्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या. मी कंटाळा केला की म्हणायची, "शिका हो. कुणावर अवलंबून राहू नये माणसाने." त्यात कुठे टोमणा नव्हता. मी डबे ओळखायला शिकलो, आमटी करायला शिकलो, आणि रोज वाटायचं, आज सांगू. चार वर्षं मी रोज उद्यावर ढकललं. मग एका दुपारी गवार निवडता निवडता ती ताटलीवर कलंडली. मी पलीकडच्या खोलीत होतो.

तेराव्यानंतर पुण्याहून सबनीसांचा फोन आला. थकलेला आवाज. "वहिनी फार मोठ्या मनाच्या. त्यांच्या निरोपसमारंभात मी बोलून गेलो होतो, तुम्हीच त्या वेळी नको म्हणालात वहिनी, नाहीतर साताऱ्याची ऑर्डर टाइप झाली होती. तर म्हणाल्या, 'हो का? मी विसरूनच गेले होते.' आणि मला आणखी एक सामोसा वाढला."

निरोपसमारंभ दोन हजार एकचा. म्हणजे ते पुस्तक तिने मला वाचायला दिलं तेव्हा तिला तीन वर्षं माहीत होतं. त्यानंतर आणखी चार वर्षं. सात वर्षं तिने माझ्यासाठी चहा केला, माझ्याशी भाजीच्या भावावरून वाद घातला, मला आमटी शिकवली, आणि वाट पाहिली. सूड घ्यायला तिच्या हातात सगळं होतं. तिने फक्त विचारलं, तेही एकदाच.

जे सांगायचं होतं ते मी पाठ केलं होतं. घागरींच्या रांगेत, बँकेच्या रांगेत, सकाळी तळ्याकाठी फिरताना. चार-पाचच वाक्यं होती. ती अशी.

कुमुद, संमती आहे का, असं सबनीसांनी मला विचारलं, आणि तुला न विचारता मी आहे म्हणालो. दुसरा अर्ज पोस्टात टाकताना तो परत येणार हे मला ठाऊक होतं. अण्णा दाराकडे तोंड करून पडले होते आणि तू पोचली नाहीस, ते बँकेमुळे नाही, तुझ्यामुळे नाही. ते मी केलं. माझं चुकलं.